वेशीवरचे राखणदार : बंगळुरूतून जगभरच्या अद्भुत जीवांचा आढावा

धड माणसात नाहीत आणि धड जनावरातही नाहीत, असे जीव जगातल्या प्रत्येक लोकसमूहाने कल्पिले आहेत. ग्रीकांच्या भुलभुलैयातला बैलमुखी मिनोतॉर, जपानच्या नद्यांतला काप्पा, रशियातल्या डोहांची रुसाल्का, मेक्सिकोत रात्री पाण्याकाठी रडत फिरणारी ला योरोना, कोकणातला देवचार, देशावरच्या साती आसरा, पिंपळावरचा मुंजा. या साऱ्यांचे जाडजूड कोश निघाले आहेत. कोशांतली वर्गवारी बहुधा रूपावरून असते : पंखवाले, शेपटीवाले, अर्धमानवी, बहुमुखी. तिच्यामुळे जीवाचे चित्र डोळ्यांसमोर येते, पण तो तिथे कशासाठी आहे हे उमगत नाही.

म्हणून या आढाव्यात दुसरी कसोटी लावली आहे. जीव राहतो कुठे आणि लोकांनी त्याच्यावर काम कोणते सोपवले आहे, एवढेच पाहायचे. तसे पाहू लागले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. हे जीव माजघरात राहत नाहीत. उंबरठा, वेस, डोह, तट, रानाची कड, आजारपणाची खाट, अशा जागी ते भेटतात. माणसाचा अधिकार जिथे संपतो, तिथे त्यांची हद्द सुरू होते.

हे तपासायला बंगळुरूइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी या सर्व भाषांच्या परंपरा इथे एकमेकींना खेटून नांदतात. मराठी माणसाचे या शहराशी नाते जुने आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने तिसऱ्या केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र एकोजी यांनी दिलेल्या दानाचा १६६९ चा शिलालेख मल्लेश्वरममधल्या काडू मल्लेश्वर देवळापाशी आहे. आज संगणकाच्या धंद्यासाठी जग ज्या शहराला ओळखते, त्या शहरात जुने अद्भुत जीव कोणत्या अवस्थेत आहेत, हा प्रश्न म्हणूनच आपलाही आहे.

राजमुद्रेवरचा पक्षी

आरंभ सर्वांत ठळक जीवापासून करू. दोन मुखांचा गंडभेरुंड हा कर्नाटक राज्याच्या बोधचिन्हात आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना सिंहाचे धड आणि हत्तीचे मुख असलेले गजकेसरी उभे आहेत. म्हैसूरच्या वडियार घराण्याचे हे राजचिन्ह पुढे राज्याने स्वीकारले. म्हैसूर विद्यापीठाच्या मुद्रेवर तो आहे आणि राज्य परिवहनाच्या बसवरही आहे. सरकारी कागद हाती येणारा प्रत्येक बंगळुरूकर नकळत त्याच्याशी व्यवहार करतो.

वडियारांच्या कितीतरी आधीपासून हा पक्षी या मुलखात आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या बळ्ळिगावी इथे १०४७ मध्ये उभारलेल्या उंच स्तंभावर माणसाच्या धडाचा आणि दोन पक्षिमुखांचा भेरुंड बसवलेला आहे. विजयनगरच्या अच्युतरायाने चोची आणि पंजांत हत्ती धरलेला गंडभेरुंड आपल्या सोन्याच्या नाण्यांवर आणला. पुराणकथेत त्याचे स्थान एका चढाओढीत आहे. हिरण्यकशिपूला मारूनही नरसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हा शिवाने शरभाचे रूप घेतले, असे शैव सांगतात. त्यावर वैष्णवांचे उत्तर असे की, शरभाला आवरण्यासाठी विष्णू गंडभेरुंड झाला. दोन पंथांतला वाद दोन अद्भुत प्राण्यांच्या झुंजीतून मांडला गेला.

मराठी वाचकाला हे प्राणी परके वाटायला नकोत. शिवनेरीसह अनेक किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ कोरलेले आहेत, काही ठिकाणी हत्ती पकडलेला गंडभेरुंडही दिसतो. दरवाजा ओलांडणाऱ्याला त्या शिल्पातून सत्तेची जाणीव करून दिली जाई. हलसूरच्या सोमेश्वर मंदिराच्या खांबांवरचे व्याल किंवा हंपीच्या विठ्ठल मंदिरातले व्याल याच कुळातले. त्यांच्यात सिंह, हत्ती आणि घोडा यांचे बळ एकवटलेले असते आणि त्यांची जागा मंडपाच्या कडेला असते.

बाहेरच्या जगात पाहिले तर द्विमुखी पक्षी फार लांबवर पसरलेला आहे. तुर्कस्तानातल्या अलाजा ह्यूयुक इथल्या हित्ती दरवाज्यावर तो तीन हजार वर्षांहून अधिक काळ आहे. तक्षशिलेच्या सिरकप नगरीतल्या इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास बांधलेल्या स्तूपावर तो आहे. बायझंटाइन साम्राज्य, रशिया आणि अल्बानिया यांनी तो आपल्या चिन्हांवर घेतला. वेल्सचा ड्रॅगन, स्कॉटलंडचा एकशिंगी घोडा, भूतानचा द्रुक आणि इंडोनेशियाने १९५० मध्ये राष्ट्रचिन्ह केलेला गरुड यांचे कामही तेच. निसर्गात कुठेच नसलेला प्राणी राजाला सोयीचा पडतो, कारण कोणत्याही शिकाऱ्याला तो मारता येत नाही.

याउलट सिंगापूरचा मर्लायन पाहा. सिंहाचे तोंड आणि माशाचे धड असलेला हा जीव १९६४ मध्ये पर्यटन मंडळाच्या बोधचिन्हासाठी रेखाटला गेला. तो सुंदर आहे, जगप्रसिद्धही आहे. पण लोकपरंपरेने त्याच्यावर कोणतेही काम सोपवलेले नाही, म्हणून त्याला कोणी भीत नाही आणि नवसही बोलत नाही.

बैल आणि शेंगा

बसवनगुडीतला एकाच दगडात घडवलेला प्रचंड नंदी शहर वसवणाऱ्या पहिल्या केंपेगौडांच्या काळातला, म्हणजे सोळाव्या शतकातला मानतात. इथे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी 'कडलेकाई परिषे', म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिची कथा अशी : सुंकेनहळ्ळीच्या शेतकऱ्यांच्या शेंगा रोज रात्री कोणीतरी फस्त करी. पाळत ठेवल्यावर एक बैल सापडला, पण त्याला पकडायला जावे तर तो दगडाचा झालेला. पुढे तो दगड वाढतच चालला, तेव्हा त्याच्या कपाळावर त्रिशूळ ठोकून वाढ थांबवावी लागली. शेतकरी पहिली शेंग त्याला देऊ लागले.

या कथेत एक सुंदर पुरावा दडला आहे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी समुद्रमार्ग उघडल्यानंतर तो भारतात आला. म्हणजे कथेचे आजचे रूप त्याहून जुने असू शकत नाही. लोककथा अनादि असते असे आपण सहज म्हणून जातो. इथे मात्र परदेशातून आलेल्या पिकासाठी शेतकऱ्यांनी राखणदाराची नेमणूक केली आणि ती जुन्या बैलाकडे दिली. असे जीव नव्या गरजेनुसार नवे काम पत्करतात, याचा इतका स्पष्ट दाखला विरळा.

उंबरठ्यावरची हाक

१९९० च्या दशकात बंगळुरूत आणि कर्नाटकातल्या इतर गावांत घरांच्या दारांवर, भिंतींवर 'नाळे बा' अशी अक्षरे उमटली. अर्थ, उद्या ये. एक बाई रात्री दारे ठोठावते, घरातल्या माणसाच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणाऱ्याचा घात होतो, अशी वार्ता पसरली होती. दारावरची अक्षरे वाचून ती परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा वाचते आणि पुन्हा माघारी फिरते. २०१८ च्या 'स्त्री' या हिंदी चित्रपटाने हीच कल्पना चंदेरीत नेली.

एवढ्यावरून लोकांना अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. त्या काळात शहर झपाट्याने पसरत होते आणि नव्या वसाहतींत शेजारी ओळखीचा नसे. रात्री ओळखीच्या आवाजावरही विसंबून दार उघडू नये, ही सूचना त्या परिस्थितीत व्यवहाराची होती. कथेने तिला चेहरा दिला. महाराष्ट्रातही रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असे जुनी माणसे बजावत.

जवळजवळ त्याच सुमारास, १९९० मध्ये, ईशान्य थायलंडमध्ये विधवा भूत पुरुषांना झोपेत नेते अशी भीती पसरली. गावकऱ्यांनी घराबाहेर लाकडी लिंगाकृती टांगल्या. त्यामागे खरे दुःख होते. सिंगापूरला मजुरीला गेलेले धडधाकट थाई तरुण झोपेत अचानक मरत असल्याच्या बातम्या गावोगाव पोहोचल्या होत्या. दोन्ही ठिकाणी भूत बाईचे आहे, आणि ते विसरून चालणार नाही. चेटकीण, हडळ, जखीण, लावसट, बाळंतपणात मेलेली, लग्नावाचून राहिलेली, अशी भुतांची यादी काढली तर जिवंतपणी जिची दाद लागली नाही ती बाई मेल्यावर दार ठोठावते, असेच दिसते. ला योरोनाही त्याच रांगेतली.

तटाखाली कोण आहे?

लोककथेचा काळोखा भाग इथे येतो. बंगळुरूचा कोट बांधताना एक वेस रोज रात्री कोसळे. गर्भवती बाईचा बळी दिल्याशिवाय ती उभी राहणार नाही, असे सांगण्यात आले. तेव्हा केंपेगौडांची सून लक्ष्मम्मा हिने रात्री कोणाला न कळवता स्वतःचा बळी दिला, अशी आख्यायिका आहे. कोरमंगलात तिचे स्थान दाखवतात. तळ्याला पाणी लागावे म्हणून धाकटी सून भागीरथी हिला बळी दिल्याची कथा 'केरेगे हार' या कन्नड लोकगीतात आहे.

अल्बानियात श्कोडरच्या रोझाफा किल्ल्याच्या भिंतीत चिणलेली तरुण आई, ग्रीसमधला आर्टाचा पूल, रुमेनियातल्या मेस्तेरुल मानोलेची बायको, या कथांचे साम्य थक्क करणारे आहे. अमेरिकी लोकसाहित्यज्ञ अॅलन डंडेस यांनी या कथांवरच्या लेखांचा संग्रह १९९६ मध्ये काढला आणि त्यात भारतीय कथांनाही जागा दिली. पुरंदरच्या शेंदरी बुरुजाखाली नाथनाक आणि देवकाई या नवराबायकोला पुरल्याची कथा आपल्याकडे सांगतात.

या सर्व कथांत बांधणारा राजा असतो आणि गाडली जाते ती सून किंवा गावकुसाबाहेरचे जोडपे. वास्तूची राखण करणारा आत्मा म्हणून पुढे त्यांची पूजा होते. ही पूजा म्हणजे एका परीने कबुली आहे. मोठ्या बांधकामाची किंमत कोणी मोजली, हे इतिहासाच्या बखरींनी लिहिले नाही, लोकांनी देवळी बांधून लक्षात ठेवले. बलिदान थोर म्हणून अशा कथा मुलांना सांगितल्या जातात, त्याबद्दल माझी तक्रार आहे. त्या सांगाव्यातच, पण बळी कोणाचा गेला हा प्रश्न मुलांसमोर ठेवून सांगाव्यात.

पाण्याचे मालक

पाण्याकाठचे जीव जगभर एकसारखे वागतात. काप्पा मुलांना नदीत ओढतो, स्कॉटलंडची केल्पी घोड्याचे रूप घेऊन पाठीवर बसणाऱ्याला बुडवते, रुसाल्का तरुणांना डोहात नेते. आपल्याकडे गिऱ्हा आहे आणि साती आसरा आहेत. काम स्पष्ट आहे : खोल पाण्यापासून पोरांना लांब ठेवणे आणि पाणी विटाळू न देणे. आसरांच्या डोहात कोणी घाण टाकत नसे.

बंगळुरूत हे नाते करगा उत्सवात दिसते. तिगळरपेटेतल्या धर्मराय मंदिराचा हा उत्सव चैत्री पौर्णिमेच्या रात्री कळसाला पोहोचतो. स्त्रीवेश घेतलेला पुजारी फुलांनी मढवलेला करगा, म्हणजे कुंभ, डोक्यावर तोलत रात्रभर शहरातून जातो आणि नागव्या तलवारी घेतलेले वीरकुमार त्याच्याभोवती असतात. कथा अशी की, तिमिरासुराला हरवण्यासाठी द्रौपदीने आपल्या शक्तीतून वीरकुमार निर्माण केले. ती जाऊ लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवले, आणि दरवर्षी येईन असे वचन देऊन ती गेली. ही मिरवणूक कॉटनपेटेतल्या तवक्कल मस्तान दर्ग्यालाही जाते.

उत्सव सांभाळणारा तिगळ समाज पिढीजात माळीकाम करणारा, म्हणून तळ्यांवर जगणारा. करग्याचे विधी संपंगी तळ्याशी जोडलेले आहेत. ते मोठे तळे बुजवले गेले आणि आज त्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक आले. मात्र संपंगीचा एक छोटा तुकडा अजून पाण्याचा आहे, कारण करग्याला तो लागतो. एवढ्या मोठ्या शहरात पाण्याच्या त्या तुकड्याची बाजू द्रौपदीने लढवली.

झाड, नाग आणि वाटेतला खडक

शहरभर पिंपळाच्या पारावर नागशिळा मांडलेल्या दिसतात. पूजेचा पार असलेले झाड तोडायला माणसे सहजी धजत नाहीत. महाराष्ट्रातल्या देवराया याच न्यायाने टिकल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून या श्रद्धेमागचे निसर्गरक्षण शास्त्रज्ञांपुढे मांडले. किनारी कर्नाटकातल्या तुळुनाडूतली पंजुर्ली आणि गुळिग ही भुते, म्हणजे तिथल्या लोकांची दैवते, रान आणि शेत यांच्या सीमेवर न्याय करतात. 'कांतारा' या २०२२ च्या चित्रपटाने ती देशभर पोहोचवली. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची गस्त घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला मोठाल्या वहाणा वाहतात.

हे मागासलेपण मानणाऱ्यांनी आइसलँडकडे पाहावे. तिथल्या हुल्दुफोल्क नावाच्या अदृश्य लोकांची वस्ती मानलेला एक खडक रस्त्याच्या कामात आला, तेव्हा २०१५ मध्ये तो जपून दुसरीकडे हलवण्यात आला. त्या लाव्हाभूमीसाठी लोकांनी आंदोलनही केले होते.

आजाराला चेहरा

१८९८ मध्ये बंगळुरूत प्लेग आला. त्यानंतर मोकळ्या हवेच्या वसाहती म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम वाढले. त्याच साथीने शहराला प्लेगम्मा, प्लेग मारम्मा या देवीही दिल्या. त्यांची छोटी देवळे अजून आहेत. महाराष्ट्रात पटकीच्या साथीत मरीआई गावोगाव फिरली आणि पोतराजाने तिचा देव्हारा डोक्यावर वाहिला. जपानमध्ये १८४६ मध्ये समुद्रातून वर आलेल्या अमाबिएने, साथ आली तर माझे चित्र काढून लोकांना दाखवा, असे सांगितल्याची कथा छापली गेली. २०२० मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने कोरोनाच्या जाहिरातीत तिलाच आणले. २०२१ मध्ये कोइंबतूरजवळ कोरोनादेवीची मूर्ती बसली. दिसत नसलेल्या रोगाशी बोलायचे तर त्याला चेहरा लागतो. औषधाची जागा ती मूर्ती घेऊ शकत नाही, पण धीर धरायला ती माणसांना एकत्र आणते.

विद्वानांची उत्तरे

हे जीव मुळात आले कुठून? एक उत्तर जीवाश्मांचे. ओथेनिओ आबेल यांनी १९१४ मध्ये सुचवले की, भूमध्य बेटांवरच्या बुटक्या हत्तींच्या कवट्यांमधले सोंडेचे भोक पाहून लोकांना एकाक्ष राक्षस सुचला असावा. एड्रिएन मेयर यांनी २००० मध्ये गोबीच्या वाळवंटातल्या प्रोटोसेरॅटॉप्स या डायनोसॉरशी ग्रिफिनचा संबंध जोडला. त्यावर आक्षेप आहे, आणि तो मला सबळ वाटतो : ग्रिफिनची सर्वांत जुनी चित्रे गोबीपासून फार दूर, पश्चिम आशियात सापडतात.

दुसरे उत्तर झोपेचे. जाग येते पण शरीर हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. भुताने दाबले, असे आपण म्हणतो. न्यूफाउंडलंडमधल्या याच अनुभवावर डेव्हिड हफर्ड यांनी १९८२ मध्ये पुस्तक लिहिले आणि भिन्न समाजांतली वर्णने किती जुळतात ते दाखवले. तिसरे उत्तर प्रवासाचे : व्यापारी, सैनिक आणि भिक्षू यांच्याबरोबर चित्रे आणि कथा फिरल्या.

तिन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण ती जन्माविषयी बोलतात. जीव टिकतो का, याचे उत्तर त्यांत नाही. ते त्याच्या कामात आहे. ज्याचे काम चालू आहे तो टिकतो, ज्याची जागाच बुजली तो पुस्तकात जातो.

इथे एक मर्यादा ठामपणे सांगितली पाहिजे. कथा जपायची म्हणजे बुवाबाजी जपायची नव्हे. कोणाला चेटकीण ठरवून मारणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली छळणे, हे गुन्हे आहेत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि कर्नाटकाने २०१७ मध्ये त्याविरुद्ध कायदे केले, ते आवश्यकच होते. या कायद्यांनी कथांना हात लावलेला नाही आणि कथाप्रेमींनी कायद्यांची बाजू घेतली पाहिजे.

नोंद कोणी ठेवायची?

नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींची टिपणे जमवली होती. त्यासाठी माहिती पुरवली ती मुख्यतः गावोगावच्या शाळामास्तरांनी. १९०९ मध्ये जॅक्सन यांची हत्या झाल्यावर आर. ई. एन्थोवेन यांनी ती टिपणे छापली, गुजरातची १९१४ मध्ये आणि कोकणची १९१५ मध्ये. त्याच १९०९ साली बंगळुरूत मिथिक सोसायटीची स्थापना झाली. ती आजही काम करते आणि अलीकडे शहरातल्या शिलालेखांची त्रिमित छायांकने करून ती जतन करते आहे. एच. एल. नागेगौडा यांनी रामनगरजवळ उभारलेले 'जानपद लोक' हे कन्नड लोकजीवनाचे संग्रहालय १९९४ पासून खुले आहे. मराठीत दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर आणि रा. चिं. ढेरे यांनी या क्षेत्रात डोंगराएवढे काम केले. तरी शहरात स्थिरावलेल्या मराठी घरांतल्या आठवणी बहुतांशी अजून कागदावर आलेल्या नाहीत.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि चार गोष्टी लिहून ठेवा : जीवाचे नाव, त्याची नेमकी जागा, त्याने घातलेला नियम, आणि ही गोष्ट सांगणाऱ्याला ती कोणाकडून कळली. गाव, तळे, झाड, वळण यांचे नाव गाळू नका, कारण जागेविना ही नोंद निकामी आहे. डोह अजून असेल तर त्याचा फोटो घ्या, बुजला असेल तर तेही लिहा. मजकूर गावच्या वाचनालयाला द्या, जवळच्या विद्यापीठाच्या मराठी विभागाला द्या. शंभर वर्षांपूर्वी हे काम शाळामास्तरांनी केले. आज ते आपण करायचे आहे, आणि ज्यांना विचारायचे ती माणसे आहेत तोवरच ते होऊ शकते.